गणपती बसवायचा का, आणि त्या आईला काय सांगायचं?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. ठाण्यातल्या तुमच्या वस्तीत पावसाळ्यात एका जुन्या इमारतीचा भाग कोसळला. माणसं गेली, त्यात दोन लहान मुलं. तुम्ही तिशीतले, गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. वडील भजनी मंडळ चालवायचे, म्हणून देवाधर्माच्या गोष्टीतही लोक तुमच्याच तोंडाकडे बघतात. गणपती पाच आठवड्यांवर आलाय. निम्मे म्हणतात यंदा बसवायचा नाही, निम्मे म्हणतात विघ्नहर्ता आहे, खंड पडला तर आणखी काहीतरी होईल. आणि गेलेल्या मुलांपैकी एकाच्या आईनं तुम्हाला चारचौघांत विचारलं, "तुमचा गणपती कुठं होता रे तेव्हा?" तुम्हाला बोलता आलं नाही. तेव्हापासून आरतीला उभं राहायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. वस्तीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, मीही अंदाज करत नाही.

मी ठाणे जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. हे पद फारसं कुणाला माहीत नसतं. आग, अपघात, इमारत पडणं, असं काही झालं की शवागाराबाहेर नातेवाइकांसोबत थांबायचं, ओळख पटवण्यापासून शववाहिनी मिळेपर्यंत त्यांच्याबरोबर राहायचं, हे त्यातलं एक काम. निवृत्त झाले तरी अशा घरांकडे जाणं सुटलेलं नाही. माझं माहेर माळकरी, त्यामुळे श्रद्धेबद्दल मी परक्यासारखी बोलणार नाही.

काही गोष्टी तुमच्या तिथल्या परिस्थितीवर ठरतील. गेलेल्यांची कुटुंबं अजून वस्तीतच आहेत, की पालिकेनं दिलेल्या भाडेतत्त्वावरच्या घरांत विखुरली आहेत? सगळ्यांचे अंत्यविधी इथेच झाले, की काहींना गावी नेलं? तुमच्या स्वतःच्या घरातलं कुणी गेलंय का? तसं असेल तर यंदाचं अध्यक्षपद दुसऱ्याच्या हाती द्या. ज्याच्या घरात दुखवटा आहे त्यानं वस्तीचा दुखवटा सांभाळू नये. त्याच्यावर दोन्हीकडून अन्याय होतो. पुढचं सगळं तुमच्या घरात तसं घडलेलं नाही असं धरून लिहिते.

तुम्ही विचारलंय गणपतीबद्दल, पण मला वाटतं तुम्हाला छळतोय तो त्या आईचा प्रश्न. म्हणून तिथून सुरुवात करते.

अशा घटनेनंतर वस्तीत "का?" हा शब्द सारखा ऐकू येतो. तो ऐकायला एकच असला तरी प्रश्न दोन असतात. एक "का" देवाला विचारलेला असतो: माझंच पोर का? दुसरा माणसांना विचारलेला असतो: इमारत धोकादायक होती तर आम्हाला तिथं का राहू दिलं, कुणी राहू दिलं? पहिल्याला उत्तर लागत नाही, सोबत लागते. दुसऱ्याला सोबत पुरत नाही, कागद लागतात. दुःखात असलेल्या वस्तीचं नेतृत्व करणाऱ्यानं हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पहिल्या प्रश्नाला कागद दाखवले की माणूस दुखावतो. दुसऱ्या प्रश्नाला देव दाखवला की गुन्हेगार सुटतो.

त्या आईनं विचारलेला प्रश्न पहिल्या जातीचा आहे. तुम्हाला बोलता आलं नाही याची लाज बाळगू नका. तुम्ही जे बोलू शकला असता ते बहुतेक वाईटच निघालं असतं. शवागाराबाहेर मी ही वाक्यं इतक्या वेळा ऐकली आहेत: "देवाला आवडतो त्याला तो लवकर नेतो." "तेवढंच आयुष्य होतं त्याचं." "धाकट्याकडे बघा आता, रडून कसं चालेल?" "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." बोलणारा वाईट नसतो, त्याला स्वतःला ती शांतता सहन होत नसते. पण मुलाच्या आईला या वाक्यांतून एवढंच कळतं, की माझं दुःख यांना लवकर आटपायला हवंय.

आता काय करायचं? तिच्याकडे परत जा. चारचौघांत नको, घरी जा. वस्तीतली तिच्या ओळखीची एखादी बाई सोबत घ्या. "मावशी, त्या दिवशी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," एवढं म्हणा आणि बसा. ती देवाला बोल लावेल, तुम्हालाही लावेल. लावू द्या. देवाची बाजू घेऊन वाद घालू नका, आणि तिला बरं वाटावं म्हणून देव नाहीच असंही म्हणू नका. मुलाबद्दल विचारा. नाव घेऊन विचारा. लोक गेलेल्या मुलाचं नाव घ्यायचं टाळतात, आईला आठवण होईल म्हणून. तिला आठवण व्हायला विसर कुठं पडलेला असतो? एका घरी मी गेले तेव्हा त्या बाईनं मला मुलीची शाळेची वही दाखवली, त्यातली एकेक चित्रं, शेवटच्या पानापर्यंत. वही मिटल्यावर म्हणाली, "ही गेल्यापासून कुणी हिच्याबद्दल विचारलंच नव्हतं." तिच्याकडे रोज माणसं येत होती.

देवावर रागावणं आपल्याकडे पाखंड मानलेलं नाही, हे तुमच्या वडिलांच्या पिढीतले भजनी सांगतील. आपल्या संतांनी विठ्ठलाशी उघड भांडण केलंय. तुकोबांच्या काळात मोठा दुष्काळ पडला. त्यात धंदा बुडाला आणि एक बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. त्या दुष्काळानंतर त्यांनी काय केलं याची जी हकीकत परंपरेनं जपली आहे ती मला फार मोलाची वाटते: घरातल्या कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. देव असं का वागला याचं स्पष्टीकरण देत ते बसले नाहीत, लोकांच्या डोक्यावरचं कर्ज उतरवलं. तुमच्या वस्तीतही भिशी असेल. माणूस गेलेल्या घरातल्या बाईचे हप्ते तटलेले असतील, किराणावाल्याची उधारी असेल, सोसायटीचा मेंटेनन्स थकलेला असेल. त्यातलं काय मंडळाला भरता येईल आणि काय सरळ सोडून देता येईल, ते बघा. माझ्या मते मंडळाची यंदाची सगळ्यात मोठी पूजा ती आहे.

आता दुसरा "का". इथं मी जरा ठाम बोलते. भूकंप आणि इमारत कोसळणं एकाच मापानं मोजू नका. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावं विसर्जन करून झोपली होती. तेव्हाही लोकांनी विचारलं असणार, गणपती कुठं होता. धरणी हलणं कुणाच्या हातात नव्हतं. आपल्याकडे शिळफाट्याजवळ 4 एप्रिल 2013 ला जी इमारत पडली, 74 जणांचा जीव गेला, ती बेकायदा होती आणि बांधकाम चालू असतानाच लोक राहत होते. तिथं "देवाची मर्जी" म्हणणं म्हणजे देवाच्या नावावर माणसाचं पाप लिहिणं. तुमच्या इथली इमारत जुनी होती असं तुम्ही म्हणता. पालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ. तुमची इमारत कोणत्या वर्गात होती, नोटीस कुणाला दिली होती, 30 वर्षांवरच्या इमारतीला बंधनकारक असलेलं स्ट्रक्चरल ऑडिट झालं होतं का, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. हे काम मंडपातून चालवू नका. वस्तीतले दोघे-तिघे कागदाचे जाणकार निवडा, त्यांना ते द्या, आणि तुम्ही स्वतः त्यांच्या पाठीशी आहात हे जाहीरपणे सांगा. तुमच्यासारख्यानं, ज्याच्या हातात आरतीचं तबक असतं त्यानं, "ही माणसांची चूक आहे" असं एकदा स्पष्ट म्हटलं, तर त्या आईच्या मनातला देवाबद्दलचा गुंता थोडा तरी सुटायला मदत होते. हे मी घडताना पाहिलंय.

याच काळात आणखी एक प्रकार होतो, त्याकडे डोळे उघडे ठेवा. अपघाती मृत्यू झालेल्या घरांत कुणीतरी येऊन सांगतं: आत्मा अडकलाय, वास्तूला दोष आहे, अमुक बळी द्या, तमुक शांत करा, नाहीतर दुसऱ्यावर येईल. ज्यांना मनापासून विधी करायचा आहे त्यांनी जरूर करावा, गेलेल्यासाठी काहीतरी करता आलं याचं समाधान खरं असतं. पण भीती घालून पैसे काढणं वेगळं. सांत्वनाला आलेला माणूस भीती सोडून जात असेल तर त्याला वस्तीत पुन्हा येऊ देऊ नका. गरज पडली तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलीस ठाण्यात जाता येतं. "खंड पडला तर आणखी काही होईल" हे जे तुमचे निम्मे लोक म्हणतायत, त्यातही ही भीतीच आहे. त्यांना हसू नका. त्यांना सांगा की गणपती बसला नाही म्हणून इमारत पडत नसते, आणि बसला म्हणून उभी राहत नसते. बीम आणि कॉलम तपासून घेऊ, तेही याच महिन्यात.

आता गणपती. निर्णय काय घ्यावा यापेक्षा कुणाला आधी विचारावं हे महत्त्वाचं आहे. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली. ती आपल्या नवी मुंबईपासून फार लांब नाही. वर गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं नेता येईनात, माणसांनी हातांनी माती उपसली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले, आणि 23 जुलैला शोध थांबवला. त्यात नातेवाइकांशी बोलून मग थांबवलं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी आपली माणसं गमावली आहेत त्यांच्या तोंडून "आता थांबवा" हे येणं वेगळं आणि त्यांना ते लाउडस्पीकरवरून कळणं वेगळं. तुमची मंडळाची बैठक घेण्याआधी माणूस गेलेल्या प्रत्येक घरी जा. बैठकीला बोलावू नका, तिथं त्यांना लाजेकाजेस्तव "बसवा, आमच्यामुळे थांबू नका" म्हणावं लागतं. घरी विचारा, आणि प्रश्न असा विचारू नका की त्यांच्याच गळ्यात निर्णय पडेल. "गणपतीत तुम्हाला काय झालेलं सहन होणार नाही?" असं विचारा. बहुतेक घरं गणपती नको म्हणत नाहीत. बँजो नको, डीजे नको, पोरांचा नाच नको, दुर्घटनेच्या जागेसमोर मंडप नको, अशी उत्तरं येतात. त्या उत्तरांवर बैठक घ्या.

एखादं घर "बसवूच नका" म्हणालं तर? मग मला विचाराल तर मंडळाचा गणपती यंदा दीड दिवसाचा करावा किंवा एखाद्या जुन्या सभासदाच्या घरात बसवून तिथंच सगळ्यांनी आरती करावी. पण हे माझं मत, तुमच्या वस्तीचा स्वभाव तुम्ही जाणता. मूर्तिकाराला आगाऊ रक्कम दिलेली असेल तर मूर्ती लहान करायची की नाही हे त्याला या आठवड्यातच कळवा, त्याचंही पोट त्यावर आहे. बसवायचा ठरला तर गेलेल्या घरांकडून वर्गणी घेऊ नका, आणि "तुमची माफ केली" असंही बोलून दाखवू नका, नुसतं त्यांच्या दारी पावतीपुस्तक जाऊ नये. देणगीदारांचे फलक यंदा नकोत. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो नकोत. गेलेल्यांचे फोटो लावायचे असतील तर कुटुंबानं दिलेला फोटो, त्यांनी सांगितलेली जागा, आणि काढायचा दिवस आधीच ठरलेला.

आपल्याकडे पहिला सण नावाची फार शहाणी रीत आहे. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलंय तिथं सण होत नाही, पण भावकीतली, शेजारची माणसं त्या दिवशी ठरवून तिथं जातात, जेवण घेऊन जातात, त्या घराला एकटं बसू देत नाहीत. शहरात ही रीत विरळ झाली कारण भावकी गावाला राहिली. चतुर्थीच्या दिवशी दुपारी वस्तीतल्या बायकांनी हे हाती घ्यावं, प्रत्येक घरी कोण जाणार हे आधी ठरवून. मोदक न्यायचे की साधी खिचडी, हे त्या घरच्यांना विचारून.

गेलेल्यांची यादी करताना एक चूक सगळीकडे होते, ती तुम्ही होऊ देऊ नका. भाडेकरू सुटतात. मालकाच्या घरचं माणूस गेलं की फलकावर नाव येतं. पोटमाळ्यावर राहणारा उत्तरेकडचा रंगारी किंवा कामाला आलेली बाई गेली तर ते नाव कुणाला पूर्ण माहीत नसतं, मृतदेह गावी गेलेला असतो आणि वस्तीत त्याच्यासाठी रडणारं कुणी उरत नाही. पोलिसांच्या पंचनाम्यातून, सोबत काम करणाऱ्यांकडून नाव मिळवा, गावाकडच्या घरच्यांना फोन करा. शोकसभेत सगळी नावं एकाच ओळीत घ्या, मालक आधी आणि भाडेकरू मागे असं नको. तुम्ही लिहिलंय की त्या इमारतीत दोन मुस्लिम घरं आणि काही बौद्ध घरंही होती. तेव्हा शोकसभा मंडपात किंवा देवळात न घेता शाळेच्या सभागृहात किंवा मैदानात घ्या. सगळ्यांचा मिळून एकच विधी करायचा आग्रह धरू नका. फातिहा त्यांच्या पद्धतीनं, पुण्यानुमोदन त्यांच्या पद्धतीनं, तेरावं ज्याच्या त्याच्या घरी. सभेत नावं, दोन मिनिटं स्तब्धता, बस. एका रात्री शवविच्छेदन खोलीबाहेरच्या बाकावर एक मौलाना आणि एक भजनीबुवा शेजारी बसून शववाहिन्यांचा हिशोब लावत होते, कुणाची आधी, कुणाचं कब्रस्तान लांब, कुणाला जवाहरबागेच्या स्मशानात जायचंय. दोघांपैकी कुणी धर्मावर एक शब्द बोललं नाही. नातेवाईक मात्र आपोआप त्या दोघांभोवती जमा झाले.

तुमच्यासाठी एक वही करा, घरटी एक पान. त्यात लिहा: मृत्यूची नोंद झाली का (ती जिथं मृत्यू झाला त्या हद्दीत होते, राहत्या पत्त्यावर नव्हे), दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतं का, वारस कोण, मदतीचा अर्ज कुठं आहे. बँकेचं पासबुक उघडून वर्षाकाठी 20 रुपये कापल्याची नोंद शोधा. ती असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूचे 2 लाख मिळतात, 436 रुपयांची असेल तर जीवनज्योतीचे वेगळे 2 लाख. कितीतरी घरांना हे कापले जातात हेच माहीत नसतं. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर त्यासोबतचा विमाही असतो. दावा लवकर करावा लागतो, म्हणून हे काम आरतीच्या तयारीआधी. मंडळानं मदतनिधी गोळा करायचा असेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम 41 क ची परवानगी घ्या, पैसे बँकेतूनच, आणि हिशोब फलकावर लावा. दुःखातल्या वस्तीत पैशाचा संशय शिरला की माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

लोकांना जबरदस्तीनं बोलतं करू नका. "त्या रात्री काय झालं ते सांगून टाका, मोकळं वाटेल" असा आग्रह करणाऱ्यांना थांबवा, पत्रकारांनाही. जागतिक आरोग्य संघटनाही मानसिक प्रथमोपचारात हेच सांगते: बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. रडणं, झोप न येणं, जेवण न जाणं, मुलांनी पुन्हा अंथरूण ओलं करणं, हे पहिल्या आठवड्यांत होतंच. पण कुणी "मलाही जायचंय" म्हणू लागलं, दारू एकदम वाढली, किंवा सहा महिन्यांनीही माणूस दिवसातलं साधं काम करू शकत नसेल, तर वाट बघू नका. टेलिमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची बाह्यरुग्ण सेवाही आहे, नावाला भिऊन लोक जात नाहीत, तुम्ही सोबत गेलात तर जातील.

आणि तो नंबर तुम्हालाही लागू आहे. आरतीला उभं राहायची लाज वाटते म्हणता, तर काही दिवस उभं राहू नका. वडिलांच्या भजनी मंडळातल्या जुन्या कुणाला तरी तबक घेऊ द्या, तुम्ही मागे बसा. श्रद्धा डळमळलेला माणूस वस्तीला चालत नाही असं काही नाही. त्या आईसमोर बसायला तर असाच माणूस बरा, कारण तो तिला खोटं काही सांगणार नाही.

वहीच्या त्याच पानावर एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. भाद्रपदात गणपतीनंतर लगेच पितृपक्ष येतो, काही घरी भरणी श्राद्ध करतील, त्यांना त्या आठवड्यात मदत लागेल. मुस्लिम घरांचा चाळीसवा कधी आहे ते विचारून ठेवा, तो गणपतीच्या धामधुमीत येऊ शकतो, तेव्हा लाउडस्पीकरचं आधी बोलून घ्या. वर्षपूर्तीला तिथी एका दिवशी येईल, इंग्रजी तारीख दुसऱ्या दिवशी, हिजरी तारीख इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी. तिन्ही लिहा, आणि कोणत्या दिवशी यायचं हे प्रत्येक घराला विचारून त्यावर खूण करा.